आजोबांची रायफल आणि ट्रंकेतली काडतुसं

पत्राचा गोषवारा: पत्र लिहिणारे गृहस्थ ३६ वर्षांचे, परळला राहतात, बँकेत नोकरी करतात. मूळ घर रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीत. आजोबांची रायफल त्यांच्यामागे रीतसर वडिलांच्या नावावर झाली होती. वडील गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास वारले. तेव्हापासून रायफल गावच्या घरी माळ्यावर पडून आहे, शेजारी एक पत्र्याची ट्रंक. ट्रंकेत मेणकापडात गुंडाळलेली चाळीसेक काडतुसं निघाली: पितळी पुंगळी, टोकदार गोळी, बुडावर इंग्रजीत के, एफ, ४३ आणि रोमन सात असे ठसे. नळीत तांबूस ठिपके दिसतात. घरात सगळे या रायफलला 'मिल्ट्रीची थ्री-नॉट-थ्री', म्हणजे .३०३ मापाची, म्हणतात, युद्धानंतरच्या लिलावात आजोबांनी घेतली असं सांगतात. परवान्याच्या पुस्तिकेत मात्र .३१५ लिहिलं आहे. गावी काका शेती बघतात. तीन वर्षं रानडुकरं भात तुडवतायत, कणग्यांचे कंद उकरतायत. काकांचा धोशा आहे की यंदा भात पोटरीला यायच्या आत रायफल बाहेर काढायची. पत्रलेखकांना शिकारीची हौस नाही, पण काकांचा शब्द मोडवत नाही आणि रायफल हातची गेली तर वडिलांची आठवण जाईल असंही वाटतं. प्रश्न असा: ट्रंकेतली मिल्ट्रीची काडतुसं वापरावीत की शिकारीची मऊ टोकाची नवी घ्यावीत? एक मित्र म्हणतो, मिल्ट्रीची जास्त पॉवरफुल.

उत्तर:

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा मीही तुमच्यासारखीच काडतुसांत गुंतले. दुसऱ्यांदा एका वाक्याशी थांबले. तुम्ही जाता जाता लिहिलं आहे, 'परवान्यावर .३१५ आहे, ती कारकुनाची चूक असणार.' मला वाटतं, कारकुनानं बरोबर लिहिलंय आणि घरात सांगितली जाणारी गोष्ट चुकली आहे.

असं का वाटतं ते सांगते. ब्रिटिश अमलात लष्कराच्या मापाची रायफल खासगी माणसाच्या हाती जाऊ नये याची सरकारला फार काळजी होती. कोठारातून काडतुसं चोरीला गेली तरी ती बाहेरच्या कुणाच्या बंदुकीत चालता कामा नयेत, असा हिशेब. म्हणून इथल्या परवानाधारकांसाठी वेगळ्या मापाच्या रायफली निघाल्या. .३१५ त्यातलीच एक. आधी विलायतेतल्या बीएसए कंपनीनं बनवली, मग आपल्या ऑर्डनन्स कारखान्यांनी. अंगकाठी सगळी ली-एनफील्डची, म्हणजे ब्रिटिश लष्कराच्या थ्री-नॉट-थ्री रायफलची. तोच उचलून मागे ओढायचा बोल्ट, तसाच लाकडी दस्ता. मुंबईकरांनी थ्री-नॉट-थ्री वर्षानुवर्षं पोलिसांच्या खांद्यावर पाहिली आहे, २६ नोव्हेंबर २००८च्या रात्रीही ती त्यांच्या हातात होती. ती नजरेत बसलेला माणूस .३१५ बघून 'हीच ती' म्हणणारच. पण .३०३ इंच म्हणजे ७.७ मिलिमीटर आणि .३१५ इंच म्हणजे ८. पुंगळीची लांबी वेगळी, घेर वेगळा.

कायद्यातही ही भिंत अजून उभी आहे. २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे .३०३ आणि ७.६२ मिलिमीटरच्या रायफली, तसंच ज्या रायफलीत या मापाची लष्करी काडतुसं बसून उडतील त्याही, प्रतिबंधित गटात येतात. गावच्या शेतकऱ्याच्या साध्या परवान्यावर अशी रायफल चढणं जवळजवळ अशक्य. तेव्हा माझा अंदाज असा की रायफल मिल्ट्रीची नाहीच. मिल्ट्रीची आहेत ती काडतुसं, आणि ती या रायफलची नाहीत.

अंदाजावर मात्र काही करायचं नाही. नळी जिथे बोल्टच्या घराला मिळते तिथे माप कोरलेलं असतं, ते परवानाधारक शस्त्रविक्रेत्याला किंवा शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या जाणकाराला वाचू द्या. तोवर एक गोष्ट कृपा करून कुणालाही करू देऊ नका: 'बसतंय का बघू या' म्हणून ट्रंकेतलं काडतूस रायफलीत सरकवणं. काडतूस बसलं म्हणजे ते त्या रायफलचं, असं नसतं. जरा वेगळ्या मापाचं काडतूस जोर लावून बसवलं आणि उडालं, तर त्याचा दाब पुढे जाण्याऐवजी बोल्टच्या बाजूनं मागे येतो, आणि मागे तुमचा चेहरा असतो. अजून एक घोळ याच मापाच्या नावात आहे. आपल्याकडे .३१५ला सर्रास 'आठ एमएम' म्हणतात. जर्मन माउझर रायफलीच्या काडतुसालाही जगभर आठ एमएमच म्हणतात, आणि ते पूर्ण वेगळं काडतूस आहे. नुसतं 'आठ एमएम द्या' असं कधीही म्हणू नये.

त्या ठशांविषयी. माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरीला होते, त्यामुळे के आणि एफ ही अक्षरं मी शाळेच्या पुस्तकाआधी वाचली. के म्हणजे किरकी, खडकीचं इंग्रजांच्या तोंडचं नाव. एफ म्हणजे फॅक्टरी. ४३ हे साल, १९४३. रोमन सात म्हणजे मार्क सेव्हन, १९१० साली ब्रिटिश लष्करानं घेतलेली .३०३ची गोळी. वजन १७४ ग्रेन, म्हणजे साधारण ११ ग्रॅम, आणि वेग सेकंदाला ७४० मीटरच्या आसपास. तुमच्या ट्रंकेत दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत पुण्याशेजारी भरलेली काडतुसं आहेत. वडील असते तर हातात घेऊन बराच वेळ बघत बसले असते. आणि मग म्हणाले असते, ही उडवायची नाहीत.

ऐंशी वर्षं उलटून गेलेलं काडतूस वरून चकचकीत दिसलं तरी आत काय झालंय ते सांगता येत नाही. आतली दारू खराब होते, बुडातली टोपी, म्हणजे दारूला ठिणगी देणारा भाग, कधी पेटत नाही, कधी उशिरा पेटते. चाप ओढला, आवाज नाही, माणूस बोल्ट उघडतो आणि त्याच क्षणी बार होतो. असे अपघात झालेले आहेत.

पितळाची गोष्ट तर आपल्या पावसाळ्याशीच बांधलेली आहे. इंग्रजांच्या फौजा पावसाळ्यात मोहिमा थांबवत आणि काडतुसं कोरड्या जागी म्हणून घोड्यांच्या तबेल्यात ठेवत. पावसानंतर पेट्या उघडाव्यात तर पुंगळ्या चिरलेल्या. बरीच वर्षं कोणाला कारण कळेना. १९२१मध्ये उलगडा झाला: घोड्यांच्या मुताचा अमोनिया हवेत असायचा आणि कारखान्यात ओढून-ताणून घडवलेल्या पितळात जो ताण उरलेला असतो, त्याच्याशी मिळून तो धातूला भेगा पाडायचा. वडिलांनी मला अशी एक पुंगळी दाखवली होती. गोळी जिथे धरलेली असते त्या मानेवर केसाइतकी बारीक रेघ. नखानं लागत नव्हती, भिंगातून दिसली. तुमच्या गावच्या माळ्यावर ऐंशी पावसाळे गेले आहेत आणि खाली गोठा असेल तर वेगळं काही सांगायला नको.

आता तुमचा मूळ प्रश्न, कारण तो प्रश्न म्हणून चांगला आहे आणि मित्राचं उत्तर चुकीचं आहे. 'पॉवरफुल' म्हणजे काय? मिल्ट्रीच्या गोळीत शिशावर टोकासकट कठीण धातूचं कवच असतं. टोक असं बंद ठेवतात ते युद्धाच्या नियमांमुळे. १८९०च्या दशकात कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात टोक उघडं ठेवलेली गोळी बनली. लागली की ती पसरायची आणि जखम भयंकर व्हायची. १८९९च्या हेग परिषदेत अशा गोळ्या लढाईत वापरू नयेत असा ठराव झाला. म्हणून सैनिकाची गोळी बंद टोकाची.

शिकारीत नियम बरोबर उलटा. जनावर मारायचंच असेल तर ते तिथल्या तिथे, कमीत कमी यातना होऊन मेलं पाहिजे. त्यासाठी गोळी अंगात शिरल्यावर खुलावी लागते, सगळा जोर आतच संपवावा लागतो. म्हणून शिकारीच्या गोळीचं टोक मऊ शिशाचं उघडं ठेवतात. बंद टोकाची गोळी पुष्कळदा आरपार जाते, जनावर जखम घेऊन पळतं आणि गोळी पलीकडे चालूच राहते. मार्क सेव्हनचं आणखी एक आहे. तिच्या टोकात शिशाऐवजी अॅल्युमिनियम किंवा लाकडाच्या लगद्यासारखी हलकी भर असते. बूड जड, टोक हलकं, त्यामुळे अंगात ती कलंडते. कुठे कलंडेल, किती कलंडेल, याचा भरवसा नाही.

मोठ्या डुकराच्या खांद्यावर जाड, चिवट कातड्याची ढालच असते. माझे मामा भोरकडे शेती करत. वन्यजीव कायदा यायच्या आधीची गोष्ट, मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची होते. भुईमुगात डुक्कर शिरलं म्हणून मामा रात्री बाराबोअर, म्हणजे छर्ऱ्याची बंदूक, घेऊन गेले. घाईत हाताला लागलं ते काडतूस भरलं, आणि ते निघालं पाखरांचं, बारीक छर्ऱ्याचं. डुक्कर ओरडत ओढ्याकडे गेलं. मामा दुसऱ्या दिवशी रक्ताच्या मागावर फिरले, तिसऱ्या दिवशीही फिरले. चौथ्या दिवशी ते ओढ्यात मेलेलं सापडलं, तोंड पाण्यात. मामांनी घरी येऊन आंघोळ केली आणि जेवायला बसले नाहीत. पुढे ते बंदूक साफ करायचे, तेल लावायचे, पण त्यांनी पुन्हा बार काढलेला मी पाहिला नाही. चुकीचं काडतूस म्हणजे काय, हे मला माहितीतून कळायच्या आधी त्या न जेवलेल्या ताटावरून कळलं.

तेव्हा रायफल .३१५ निघाली, परवाना तुमच्या नावावर झाला आणि कायदेशीर कारण असलं, तर तिला काडतूस एकच: .३१५चं, मऊ टोकाचं, परवानाधारक दुकानातून, परवान्यावर नोंद करून घेतलेलं नवं. त्याआधी जाणकाराकडून नळी तपासून घ्यायची. बोल्टचं तोंड आणि पुंगळीचं बूड यांच्यात किती फट राहते तेही बघायचं. जुन्या रायफलीत ती वाढलेली असते आणि वाढली की पुंगळी मागून फाटते.

नळीतल्या तांबूस ठिपक्यांचं म्हणाल, तर बहुतेक तो मिठाचा गंज आहे. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळलं की नळीत एक प्रकारचं मीठच उरतं. मीठ हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्याकडे हवेत पाण्याला तोटा नाही. लोक तेल लावतात आणि निर्धास्त होतात. मीठ तेलात विरघळत नाही, तेलाखाली बसून लोखंड खात राहतं. त्याला पाणीच लागतं. मामांकडे गेलो की वडील चुलीवर किटली ठेवायचे, पाणी खळखळलं की मागच्या बाजूनं नरसाळ्यातून नळीत ओतायचे. तोंडातून आधी काळं, मग करडं, मग स्वच्छ पाणी यायचं. नळी इतकी तापायची की उरलेलं पाणी आपसूक सुकायचं, मग तेलाचा बोळा. ब्रिटिश फौजेतही हीच रीत होती. तुम्ही मात्र आता हे करू नका, कारण रायफल हाताळायचा अधिकार सध्या तुमच्याकडे नाही. ठिपके वरवरचे आहेत की खड्डे पडलेत ते जाणकाराला ठरवू द्या.

थोडं विषयांतर करते, कारण अशी पत्रं मला परदेशात मुलं असलेल्या आईवडिलांकडूनही येतात. न्यूझीलंड, कॅनडा इथे परवाना काढून हरणाची शिकार करता येते, आणि तिथे खरीखुरी लष्करी ली-एनफील्ड आजही शिकाऱ्यांच्या हातात दिसते. कॅनडाच्या उत्तरेकडच्या रेंजर्सनी, म्हणजे तिथल्या राखीव सैनिकांनी, तर ती १९४७पासून सात दशकं वापरली. तुमच्या मुलानं तशी रायफल घेतली असेल तर त्याला सांगा: आधी बंदुकीच्या कारागिराकडून तपासणी. बोल्टवरचा आणि रायफलीवरचा नंबर एकच आहे का ते बघायचं. स्वस्त मिळणारी जुनी लष्करी काडतुसं शिकारीला नाहीत, बऱ्याच ठिकाणी मोठ्या जनावरासाठी ती बेकायदाही आहेत. नवी, मऊ टोकाची, १५० किंवा १८० ग्रेनची घ्यावीत. युद्धकाळातल्या नळ्या झिजून सैल झालेल्या असतात, त्यांत सपाट बुडाची गोळी बहुधा जास्त नेमकी लागते. दोन-तीन प्रकार थोडे थोडे आणून चांदमारीत १०० मीटरवर झाडून बघावेत. जी काडतुसं एका जागी गोळ्या घालतील ती त्या रायफलची. डब्यावरची जाहिरात काहीही म्हणो.

तुमच्याकडे परत येते. काडतुसाचा निकाल लागला तरी काकांचा प्रश्न तसाच राहतो, आणि मला तो जास्त मोठा वाटतो.

काकांचं नुकसान खरं आहे. रात्रीत पाच-सहा डुकरं शिरली की सकाळी भाताचा तुकडा रेडे झुंजल्यासारखा दिसतो. वर्षाची मेहनत अशी लोळलेली बघून ज्याला राग येत नाही तो शेतकरीच नव्हे. पण 'रायफल आहे, तर डुक्कर मारता येईल' हे जे काकांनी धरून ठेवलंय आणि तुम्हीही मानलंय, त्याला कायद्यात आधार नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीवर बंदी आहे, आणि रानडुक्कर १ एप्रिल २०२३पासून त्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराबाबत कायद्यात वाट आहे, कलम ११ची, पण ती वन विभागाच्या लेखी परवानगीतूनच जाते. शस्त्राचा परवाना वेगळा, मारायची परवानगी वेगळी. पहिला असला म्हणून दुसरी मिळत नाही. आणि परवानगीनं मारलेलं जनावरही सरकारी मालमत्ता ठरतं, ते वाडीत वाटून घेता येत नाही. काकांच्या मनात त्या रात्रीच्या जेवणाचा बेत असेल तर हे त्यांना आधीच सांगा.

दुसरी गोष्ट जमिनीची. कोकणातली वाडी म्हणजे मोकळं माळरान नव्हे. गडग्यापलीकडे शेजाऱ्याचं आगर, पाणंदीनं कुणी उशिरा घरी येणारा, वरच्या अंगाला दुसरी वाडी. रायफलीची गोळी दोन किलोमीटरच्या पलीकडे सहज जाते. कातळावर आपटून उसळली तर कुठे जाईल ते कुणीच सांगू शकत नाही. रात्री, बॅटरीच्या उजेडात, हलत्या जनावरावर, ज्यानं आयुष्यात चांदमारी केली नाही अशा माणसानं रायफल चालवायची, हे मला कुठल्याही काडतुसानं सुरक्षित करता येत नाही. कोकणात पूर्वापार ठासणीची बंदूक आणि बाराबोअर चालत आली त्यामागे मारा जवळचा असणं हेही एक शहाणपण होतं. कायद्यातही पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची वेगळी तरतूद आहे.

मग काकांनी काय करायचं? नुकसान झालं की त्याच दिवशी फोटो काढायचे, वनरक्षकाला आणि तलाठ्याला कळवायचं, पंचनामा करून घ्यायचा. वन विभाग पिकाची भरपाई देतो. ती पुरेशी नसते, उशिरा येते, हे मला ठाऊक आहे. तरी अर्ज करायचाच, कारण पुढे डुकरं मारायची परवानगी मागायची झाली तर हेच कागद नुकसानीचा पुरावा होतात. जंगलाला लागून असलेल्या गावांना श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौरकुंपणाला अनुदान मिळतं. एकट्या काकांपेक्षा वाडीतले आठ-दहा जण मिळून वनपरिक्षेत्र कार्यालयात गेले तर काम पुढे सरकतं. इथे तुम्ही खरे उपयोगी पडाल. अर्ज लिहिणं, ऑनलाइन भरणं, पाठपुरावा करणं, हे बँकेत काम करणाऱ्या पुतण्याला काकांपेक्षा बरं जमेल. आणि एक हात जोडून सांगते: कुंपणात घरची वीज सोडायचा विचार वाडीत कुणाच्या डोक्यात असेल तर तो तिथेच मोडा. त्यात डुकरं मरतात तशी माणसंही मरतात, बहुतेक वेळा घरचीच.

काकांना 'नाही' म्हणायचं अवघड जातंय, हे समजतं. वडील गेल्यानंतर काकाच घरातले मोठे. पण 'मला आवडत नाही' असं सांगू नका, त्यावर वाद होईल. सरळ सांगा, 'काका, रायफल आज कोणाच्याच नावावर नाही. बाबांबरोबर परवाना संपला. तुम्ही ती उचललीत तर पोलीस तुम्हाला नेतील, आणि मला ते बघवणार नाही.' यात एकही शब्द खोटा नाही.

कारण हेच आहे. वडील गेले त्या दिवसापासून ती रायफल विनापरवाना घरात आहे. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम २१प्रमाणे अशी रायफल विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. जवळपास वर्ष होत आलं, आणखी थांबू नका. जमा केली म्हणजे गमावली असं नाही, ही तुमची सगळ्यात मोठी भीती आहे म्हणून मुद्दाम सांगते. २०१६च्या नियमांत मृत परवानाधारकाच्या कायदेशीर वारसाला परवाना देण्याची तरतूद आहे. तुम्ही मुंबईत राहता म्हणजे अर्ज मुंबई पोलीस आयुक्तांकडे. गावी राहणाऱ्या वारसानं जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा. आई आणि बहीण वारस असतील तर त्यांची ना हरकत लागेल, ती आताच बोलून घ्या. भावंडांत पुढे कटुता येते ती अशाच न बोललेल्या गोष्टींवरून.

पण अर्ज करण्याआधी एकदा शांतपणे स्वतःला विचारा, तुम्हाला रायफल हवी आहे की वडील हवे आहेत? परळच्या दोन खोल्यांत कुलपाच्या पोलादी कपाटात रायफल ठेवायची, दर पाच वर्षांनी परवान्याचं नूतनीकरण, निवडणुका आल्या की जमा करायची नोटीस. हे सगळं आनंदानं करणारे लोक आहेत. नेमबाजीची ओढ वाटत असेल तर वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनमध्ये चौकशी करा, आधी एअर रायफल हातात घेऊन बघा. ओढ नसेल तर परवाना असलेल्या माणसाला रायफल रीतसर विकता येते. अधिकृत कारागिराकडून, परवाना अधिकाऱ्याच्या संमतीनं ती कायमची निकामी करून ठेवण्याचाही मार्ग विचारून बघता येईल. वडिलांनी त्या परवान्याच्या पुस्तिकेवर दर नूतनीकरणाला सह्या केल्या असतील. पुस्तिका जमा करावी लागली तर त्याआधी प्रत्येक पानाचा नीट फोटो काढून ठेवा. मामांच्या बंदुकीचं पुढे काय झालं ते आमच्या घरात कुणाला आठवत नाही. वडिलांची ती किटली माझ्याकडे आहे.

राहिली ट्रंकेतली काडतुसं. इथे घाई आणि लपवाछपवी दोन्ही नको. .३०३ची काडतुसं बाळगायचा परवाना तुमच्या घरात कोणालाच नव्हता. प्रतिबंधित शस्त्रं आणि दारूगोळा बेकायदा बाळगण्याची शिक्षा २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षं आहे. तुम्हाला घाबरवायला हे सांगत नाही. माहीत नसताना घरात सापडणं आणि माहीत झाल्यावर ठेवून घेणं यात कायदा फरक करतो, आणि पत्र लिहिलंत तेव्हापासून तुम्हाला माहीत आहे. म्हणून याच आठवड्यात फौजदारी काम करणाऱ्या वकिलाला भेटा, मग त्यांच्या सल्ल्यानं गावच्या पोलीस ठाण्यात स्वतःहून लेखी कळवा: वडिलांच्या पश्चात सामान आवरताना ही रायफल आणि ही काडतुसं सापडली, जमा करून घ्यावीत. पोलिसांना घरी येऊन पंचनामा करायची विनंती करा. आठवण म्हणून एकही काडतूस मागे ठेवू नका. विहिरीत टाकू नका, पुरू नका, पाणी तापवायच्या चुलीत तर नाहीच नाही. आणि एसटीनं किंवा कोकण रेल्वेनं पिशवीत घालून मुंबईला मुळीच आणू नका.

तोवर माळ्याची शिडी काढून ठेवायला सांगा आणि ट्रंकेची किल्ली आईकडे द्या. गणपतीला घर पोराबाळांनी भरेल, त्याआधी हे उरकलेलं बरं. पोलीस ठाण्यातून पावती घेतल्याशिवाय उठू नका. पावतीवर रायफलचा नंबर, काडतुसांची मोजलेली संख्या आणि तारीख स्वतः वाचून घ्या, आणि माप काय लिहिलंय तेही बघा. .३१५ असेल तर मला कळवा.